कोंबडी झोपते कुठे?

[दृश्य: दिवेलागण. परसातलं खुराडं, दार उघडं. मागे फणसाचं झाड, त्याखाली स्कूटर.]

तिन्हीसांजेला आमच्या परसात रोज एक भांडण होतं. पाच-सात मिनिटांचंच, पण बघण्यासारखं. कोपऱ्यातली एकच जागा, आणि ती सगळ्यांना हवी. ठिपक्यांची वर चढते, तांबडी तिला टोचते, ती खाली उडी मारते, पाणी प्यायल्याचं सोंग करते आणि दुसऱ्या टोकानं परत वर. मग अंधार दाटतो आणि एकदम चिडीचूप.

आता मोजा. सात. आमच्याकडे कोंबड्या आहेत आठ. आठवीचं पुढे येईल.

[दृश्य: जुन्या खुराड्याचा मोडका सांगाडा, त्यावर चढलेला कारल्याचा वेल.]

चिपळूणकडचं हे आमचं गाव. हे पहिलं खुराडं बांधलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मुंगूस होतं. बारीक जाळी, दोन कड्या, जमिनीत फूटभर पुरलेला पत्रा. मुंगूस आत आलं नाही, हे खरं. पण कोंबडी रात्रभर आत काय करणार, हा प्रश्नच मला पडला नव्हता. उरलेले तीन बांबू त्यांना बसायला एकाखाली एक ठोकले, झालं. अंडी घालायच्या पेट्या वर टांगल्या, का तर मला वाकायला लागू नये.

आठवड्यात निकाल लागला. वरच्या बांबूवर तांबडी आणि तिच्या दोघी मैत्रिणी. खालच्यांच्या पाठी रोज सकाळी पांढऱ्या. उरलेल्या गेल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे पेट्यांत झोपायला. आणि मी रोज अंडी धूत बसलो.

यात कोंबडीची चूक काहीच नव्हती. गावठी असो की गिरिराजसारखी सुधारित जात, मूळ वंश रानकोंबड्यांचा, मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याचा. रात्र झाडावर काढणारा पक्षी. आपल्या सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा. त्याचाही थोडा वाटा यांच्यात आहे. कोंबडीच्या पायांचा हा पिवळा रंग त्याच्याकडून आलाय, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. अंधारात कोंबडीला फार कमी दिसतं. म्हणून उजेड असेतो उंच जागा पकडायची, एवढंच तिला कळतं. आणि वरची जागा कुणाची, हे मानावर ठरतं. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात टोचाटोचीची ही उतरंड अभ्यासून मांडली. आई तिला सासुरवास म्हणते.

[दृश्य: नवं खुराडं आतून. दांडी, तिच्याखाली रुंद पाट.]

म्हणून दुसरं खुराडं बांधताना भिंतींआधी दांडी आखली. एकच दांडी, एकाच उंचीवर. वरखाली हा प्रकारच ठेवला नाही. भांडण होतं ते आता फक्त कोपऱ्यावरून.

दांडी सहा फुटांची. सात कोंबड्यांना वाटली तर प्रत्येकीला साधारण २५ सेंटिमीटर. युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमात एका कोंबडीला किमान १५ सेंटिमीटर दांडी सांगितली आहे आणि भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर. तिकडच्या थंडीत खेटून बसणं परवडतं. आपल्याकडे मे महिन्यात कोंबडी पंख अंगापासून सोडवून, चोच उघडी टाकून बसते. तिला जागा जास्तच लागते. भिंतीपासूनचं अंतर मी एक फूट ठेवलं, कारण कोंबडी कधी भिंतीकडे तोंड करते, कधी दाराकडे. शेपूट भिंतीला लागली की भिंत रंगलीच.

उंची दोन फूट. गावठी कोंबडी याच्या दुप्पट सहज उडेल, पण आमच्यात तीन गिरिराज आहेत, अंगानं जड. चढताना त्रास नाही, त्रास सकाळी उतरताना. उंचावरून कठीण जमिनीवर रोज धप्पकन उडी मारली की तळव्याला इजा होते, त्यात पू होतो, गाठ धरते आणि कोंबडी लंगडायला लागते. दोन फूट उंची आणि खाली भाताच्या तुसाचा थर. पुरे.

दांडी कशाची, यावर घरात दोन दिवस चर्चा. बांबू फुकटचा, पण गुळगुळीत आणि पोकळ. पाइप त्याहून निसरडा. शेवटी सुरूचं लाकूड, पावणेदोन इंच जाड, वरच्या कडा रंधून गोल केलेल्या. अमेरिकेतले लोक रुंद पट्टी आडवी टाकतात, म्हणजे कोंबडीची बोटं पोटाखाली झाकली जातात आणि बर्फात गारठत नाहीत. कोकणात ही काळजी कशाला! सुतारकाका दांडीवर पॉलिशपेपर मारत होते तेव्हा आई म्हणाली, “अरे, कोंबड्यांना पलंग करताय की काय?”

[दृश्य, अगदी जवळून: दांडीचं टोक खाचेतून वर उचललं जातं.]

हे नीट बघा. दांडी ठोकलेली नाही, खाचेत ठेवली आहे. कारण दांडीच्या टोकाशी, सांध्यात, दिवसा लपून बसतात त्या राईच्या दाण्याहून बारीक तांबड्या किडी. गावात सगळे पिसवाच म्हणतात, पण ही पिसू नव्हे. आठ पायांची, गोचिडीच्या गोत्यातली. रात्री बाहेर पडते, रक्त पिते, उजाडायच्या आत पुन्हा फटीत. दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तरी सापडत नाही. रात्री पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं फिरवायचं. लाल डाग पडले की समजायचं. पहिल्या खुराड्यातले बांबू चिरले तेव्हा त्या पोकळ टोकांत काय होतं, ते मी दाखवत नाही.

[दृश्य: सकाळ. पाटावर शिटेचे सात छोटे ढीग.]

आता पाट. दांडीखाली सहा इंचांवर, सहा फूट लांब, दोन फूट रुंद. दांडी बरोबर त्याच्या मधोमध, शिट पुढे पडो की मागे, पाटावरच पडते. कोंबडी दहा-बारा तास एका जागी बसते, म्हणजे दिवसाची बरीचशी शिट इथेच जमा. ती जमिनीवर पसरून तुडवली जाण्याआधी उचलायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पाटाखालची जागाही वाया गेली नाही. अंडी घालायच्या पेट्या तिथे, अंधाऱ्या आडोशाला, दांडीहून खाली. आता त्यांत कुणी झोपत नाही. मी वाकतो.

पाट प्लायचा, पण प्लाय ओल पितं. त्यावर काय घालायचं? उत्तर गावातच, चौकाचौकात टांगलेलं असतं. वाढदिवस उलटून गेलेला फ्लेक्स! पाणी धरत नाही, पत्ती फिरवली की स्वच्छ. आम्ही तो उलटा अंथरलाय. कुणाचा अपमान नको.

त्यावर सुक्या तुसाचा पातळ थर. पहिल्या वर्षी मी चुना टाकत होतो, वास मरेल म्हणून. झालं उलटंच. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. शिटेवरचा तो पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि ओल्या शिटेवर चुना पडला तर तो अमोनिया आणखी भराभर सुटतो. चुलीतल्या राखेलाही थोडा तोच गुण. जुलैत दार उघडलं की माझे डोळे चुरचुरायचे. कोंबड्या तर रात्रभर त्यातच. त्यांचा श्वास घरघरायला लागला तेव्हा चुना बंद केला आणि जाळीची खिडकी दांडीच्या बरीच वर, छपराखाली नेली, म्हणजे हवा खेळेल पण वारा अंगावर येणार नाही.

रंगाऱ्याची रुंद पत्ती, एक घमेलं, दोन मिनिटं. सात कोंबड्यांची रात्रभराची शिट म्हणजे शीग लागलेली एक करवंटी.

ती खरवडण्याआधी मी पाट वाचतो. घट्ट, वर पांढरी टोपी, ती चांगली. मधेच एखादी तपकिरी, चिकट, घाण वासाची दिसते; ती आंधळ्या आतड्यातली. नवखे घाबरतात, पण तीही ठीक. रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका. हिरवी पातळ दिसली आणि कोंबडी मान टाकून बसली, तर मानमोडीची, म्हणजे रानीखेतची. मग ती आधी वेगळी करायची आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन. जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे ढीग कुणाचा हेही कळतं. तांबडी कोपऱ्यात, तिचा ढीग कोपऱ्यात.

करवंटी जाते खताच्या खड्ड्यात, त्यावर दुपटीहून जास्त पातेरा. आईनं एकदा ताजी शिट थेट मिरचीच्या रोपांना घातली होती. चार दिवसांत वाफा करपला. आता आधी कुजवणं, मग सुपारीच्या झाडांना.

[दृश्य: पहाट. फणसाची फांदी, त्यावर काळी गावठी कोंबडी.]

आणि ही आठवी. हिनं एकही रात्र खुराड्यात काढलेली नाही. दोनदा उचलून दांडीवर नेऊन ठेवली, दोनदा सकाळी ती फणसावरच. पावसात भिजते, रानमांजर फिरतं, हिला फरक नाही. फांदी बारा फुटांवर, भिंत नाही, भांडण नाही.

[दृश्य: फांदीच्या बरोबर खाली स्कूटर. एक हात फडक्यानं सीट पुसतो.]

हिच्या पाटावर मात्र फ्लेक्स नाही.