हाऊसफुल्लचा बोर्ड अन् रिकामं टॉकीज

राम राम मंडळी! ऊन लई वाढलंय, दुपारचं बाहेर पडू नका, रेडिओ ऐकत घरातच बसा.

आज बोलायचंय पिक्चरबद्दल, म्हणजे राजकारणावरच्या पिक्चरबद्दल. हल्ली काय झालंय, निवडणूक जवळ आली की कुठल्यातरी नेत्यावरचा नाहीतर जुन्या प्रकरणावरचा एक पिक्चर येतो आणि शुक्रवार-शनिवार-रविवार झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू, इतके कोटी झाले, जनतेनं कौल दिला. पडला तर समोरची पार्टी म्हणते जनतेनं तोंडावर मारला. तर खरंच तसं आहे का? गल्ला म्हणजे जनमत का? मला तर वाटत नाही. गल्ला रुपयात मोजतात आणि मत माणसात मोजतात, हे आज मी दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

याच्यावर एक किस्सा आहे. आमच्या इथल्या लोकांनी तो इतक्यांदा ऐकलाय की आत्ता काचेपलीकडं बसून हसायलेत, पण तुम्ही ऐका.

आपल्या परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, नाव नको. तिथं एकच टॉकीज, पत्र्याचं, आत चार मोठे कूलर, बाहेर मोठ्या अक्षरात 'एअर कूल्ड' लिहिलेलं. तिथले मॅनेजर सगळ्या गावाचे मामा, तेच खिडकीत तिकीट फाडणार, तेच इंटरव्हलला भजे तळणाऱ्याच्या अंगावर ओरडणार. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि एका पार्टीच्या नेत्यावरचा पिक्चर लागला. त्या पार्टीचे तिथले एक भाऊ होते, त्यांना वरून निरोप आला की पिक्चर चालला पाहिजे. आता चालला पाहिजे म्हणजे काय करायचं? भाऊंनी आठवडाभराचे दुपारचे सगळे शो रोख पैसे मोजून घेऊन टाकले. मामा खूश, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुपारच्या शोला हाऊसफुल्लचा बोर्ड लावला, तो बोर्ड माळ्यावरून काढून धूळ झटकावी लागली म्हणे.

पहिल्या दिवशी टेम्पो भरभरून माणसं आणली, बचत गटाच्या बाया, म्हातारेकोतारे, शाळेला सुट्ट्या लागलेली पोरं. पण नेमका तो आठवडी बाजाराचा दिवस. इंटरव्हल झाली तशा बाया उठल्या, फुकटचा टेम्पो मिळालाय तर बाजार करून घेऊ म्हणून थेट मिरची-लसणाच्या ढिगाकडं. पोरं भज्याच्या गाड्यावर. आत राहिले पाच-सहा म्हातारे, कूलरसमोरच्या खुर्च्या धरून, रुमाल तोंडावर टाकून गाढ झोपलेले. दुसऱ्या दिवशी तर टेम्पो पण आला नाही, कारण डिझेलचे पैसे कोणी द्यायचे याच्यावरून भाऊंच्या दोन कार्यकर्त्यांचं वाजलं. पण तिकिटं तर विकली गेलेली ना! म्हणजे बाहेर हाऊसफुल्ल आणि आत नुसते कूलर घरघर करायलेत.

आणि आता खरी गंमत. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मास्तर सायकलवर आले, घामाघूम. हे मास्तर त्या पार्टीचे अगदी मनापासूनचे, म्हणजे पद नाही, ठेका नाही, नुसतं प्रेम. खिडकीत पैसे सरकवले, म्हणाले एक द्या बाल्कनीचं. मामा म्हणाले, "गुरुजी, तिकीट नाही, हाऊसफुल्ल आहे." मास्तरांना लई आनंद झाला, म्हणाले वा, लोकं जागे झाले! दुसऱ्या दिवशी परत आले. परत हाऊसफुल्ल. मास्तर आणखी खूश. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र त्यांनी दाराचा पडदा जरा बाजूला करून आत डोकावलं आणि मामांकडं वळून म्हणाले, "मामा, आत तर कुणीच नाही की, मग तिकीट कामून देईनात?" मामा म्हणाले, "गुरुजी, माणसं नाहीत पण तिकिटं गेलीत. गेलेलं तिकीट मी परत कसं विकू?" बराच वेळ वाद झाला. शेवटी डोअरकीपरला दया आली, त्यानं बॅटरी मारत मास्तरांना आत नेलं आणि विनातिकीट कूलरसमोर बसवलं, पहिल्या दिवशी म्हातारे झोपले होते त्या ओळीत.

म्हणजे बघा मंडळी, त्या दिवशीच्या हिशेबात जे आलेच नाहीत ते सगळे धरले गेले आणि जो एकटा खरंच बघायला आला होता तो धरलाच नाही! संध्याकाळी मामांनी डिस्ट्रिब्युटरला कलेक्शन कळवलं, फुल. दुसऱ्या दिवशी पेपरात, तालुक्यात तुफान प्रतिसाद. आणि त्या म्हाताऱ्यांपैकी एकाला कुणीतरी विचारलं, बाबा, कसा वाटला पिक्चर? तर बाबा म्हणाले, "लई गार होता."

तुम्ही म्हणाल निवडणुकीत भाऊ पडले असतील. नाही पडले, निवडून आले! पण ते पाण्याच्या टँकरवर आले, त्या उन्हाळ्यात त्यांनी गल्लीगल्लीत टँकर पाठवले होते. त्यांचे कार्यकर्ते मात्र अजून सांगतात की पिक्चरनं हवा केली. मामा गप बसून ऐकतात, धंदा आहे त्यांचा.

जाता जाता एक, ही एकपडदा टॉकीजं आता आपल्याकडं झपाट्यानं बंद पडायलीत, कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं गोडाऊन झालं, आणि मल्टिप्लेक्सात पॉपकॉर्नला तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजायचे, आणि वर घरचा डबा दाराशी काढून ठेवा म्हणतात. मला हे पटत नाही, कधीच पटणार नाही. असो.

तर मुद्दा, गल्ला रुपयात आणि मत माणसात. पुण्या-मुंबईत एकानं साडेतीनशेचं तिकीट काढलं की ते आपल्याकडच्या सव्वाशेवाल्या जवळजवळ तीन माणसांइतकं भरतं. मतदान केंद्रावर मात्र त्याचंही एक आणि आपलंही एक. आणि शंभर कोटी, शंभर कोटी म्हणतात ना, सरासरी तिकीट दोनशे धरा, झाली पन्नास लाख तिकिटं. त्यात दोनदा बघणारे आले, आमच्या भाऊंसारखे गठ्ठ्यानं घेणारे पण आले, त्याला आता कॉर्पोरेट बुकिंग असं भारी नाव आहे. आणि २०२४ च्या लोकसभेला देशात मतदान किती जणांनी केलं? ६४ कोटी! कुठं पन्नास लाख, कुठं ६४ कोटी.

बरं, उलटं पण होतं. २०१९ ला नरेंद्र मोदींवरचा पिक्चर निवडणूक आयोगानं निवडणूक होईपर्यंत थांबवला. २३ मेला निकाल लागला, भाजपच्या ३०३ जागा आल्या, आणि लगेच २४ मेला पिक्चर लागला. याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? तरी पिक्चर काही चालला नाही. आदल्या दिवशी ज्यांनी निकाल ऐकून गुलाल उधळला तेच लोक दुसऱ्या दिवशी टॉकीजकडं फिरकले नाहीत. मग जनमत कुठलं खरं धरायचं?

आणि १९७७ चं जुन्या लोकांना आठवत असेल. आणीबाणी सैल झाली होती, निवडणूक लागली होती, केंद्रातले मोठे मंत्री जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले होते आणि दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. लोकं घरीच बसावेत म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी 'बॉबी' दाखवला असं सांगतात, तेव्हाचा केवढा गाजलेला पिक्चर! तरी मैदान भरलं. आणि मार्चमध्ये काँग्रेस हरली, इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या. म्हणजे पिक्चर आवडतो म्हणून माणूस सभा सोडत नाही आणि मत तर अजिबातच सोडत नाही.

आता एक कबूल करायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू धरून बसलाय. काही पिक्चर खरंच लोकांनी उचलून धरलेत. २०२२ चा 'द काश्मीर फाइल्स' बघा, पहिल्या दिवशी साडेतीन कोटींच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी एकदम दुपटीच्या वर गेला. असं नुसत्या गठ्ठ्याच्या बुकिंगनं होत नसतं, एकानं बघितला, दुसऱ्याला सांगितलं, तेव्हा होतं. म्हणून मामा म्हणतात, रविवारचं कलेक्शन मला सांगू नका, सोमवारचं सांगा. सोमवारी दुपारी जो खिशातले पैसे काढून येतो तो खरा गिऱ्हाईक. पण त्या गिऱ्हाइकाला पिक्चर पटला, त्याला रडू आलं, राग आला, एवढंच त्याच्यावरून कळतं. तो मत कुणाला देणार ते नाही कळत.

आपल्या मराठवाड्याचंच घ्या ना. २०२४ च्या लोकसभेला आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, छत्रपती संभाजीनगरची. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला बहुतेक जागा महायुतीला. सहा महिन्यांत इतकं फिरलं. मधे काय झालं, आरक्षणाचं आंदोलन होतं, सोयाबीनचा भाव होता, लाडक्या बहिणीचे पैसे होते, कुणी काही म्हणो. पण पिक्चर बघून फिरलं असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि ते टॅक्स फ्री, टॅक्स फ्री म्हणतात ना, सरकारनं टॅक्स फ्री केला म्हणजे फुकट नाही झाला बरं का. दोनशेच्या तिकिटावर छत्तीस रुपये जीएसटी, त्यातले निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. राज्य सोडणार फक्त आपले अठरा रुपये. तेवढ्यात पॉपकॉर्नचे चार दाणे येतील. वेळ संपली म्हणून खुणावायलेत, पुढं बाजारभाव आहेत, तुरीचा भाव जरा वर सरकलाय म्हणे, ऐका. राम राम.