भिंतीची जाडी

“डाव्या कुशीवर वळा काकू. हात डोक्याखाली घ्या. श्वास सोडा… धरून ठेवा.”

गावात आलेल्या तपासणीच्या व्हॅनमध्ये काकूंच्या हृदयाची सोनोग्राफी चालली आहे. छातीच्या मधल्या हाडाला लागून, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, टेकतो. बरगडी आडवी आली की पडदा काळा. डॉक्टर मनगट किंचित फिरवतात, थोडं जेल आणखी लावतात. आणि हे आलं चित्र. मधली काळी पोकळी म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा. तिच्या शेजारी फडफडतेय ती झडप.

बीपी वाढलेलं असलं की हाच कप्पा जास्त जोर लावून रक्त ढकलत राहतो. तालमीतल्या दंडासारखी त्याची भिंत जाड होते. पण जाड भिंत ताठर असते, ती नीट सैलावत नाही. दुखत मात्र काहीच नाही. म्हणून तर गोळ्या मध्येच सुटतात.

आता मोजमाप. कप्पा पूर्ण भरला त्या क्षणी चित्र थांबवायचं. भिंतीच्या या कडेला एक टिंब, त्या कडेला दुसरं. रेघ तिरकी गेली तर भिंत उगाच जाड दिसते, म्हणून डॉक्टर ती पुसून पुन्हा ओढतात.

१३ मिलिमीटर. बायकांमध्ये ही जाडी साधारण ६ ते ९ असते. ईसीजीत हे पुष्कळदा दिसतच नाही. काकूंच्या पिशवीतला जुना ईसीजीही ‘नॉर्मल’ आहे.

(पडद्याकडे बघणाऱ्या काकू. निवेदन नाही.)

हृदय असं बघायला सुरुवात झाली १९५३ साली, स्वीडनमधल्या लुंड इथे. डॉक्टर इंगे एड्लर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी पहिल्या चाचणीसाठी यंत्र आणलं ते मालमोच्या जहाजगोदीतून, उसनं! तिथे ते धातूतले दोष शोधायला वापरत.

आजचं यंत्र खिशात मावतं. पण खिशात घालून गावोगाव नेता येत नाही. याच ध्वनिलहरींनी गर्भाचं लिंगही कळतं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. त्यामुळे असं यंत्र वापरायचं ते नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, नाहीतर इतरही तपासण्या करणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. अट रास्तच आहे. म्हणून ही व्हॅन, आणि म्हणून व्हॅनमध्ये साखर तपासायचं टेबलही.

काकूंच्या गोळ्या बदलल्या आहेत. पूर्ण टू-डी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सविस्तर सोनोग्राफीसाठी, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली आहे. एसटी सकाळी एकच.