खिळे जुळवणाऱ्या बाया

(दृश्य : केडगाव स्टेशन, सकाळ)

पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंनी निराधार बायांसाठी उभारलेली संस्था, मुक्ती मिशन, इथलीच. गाडीतून उतरून मुक्ती मिशन कुठे म्हणून विचारलं, की कुणीही हात करून दाखवतं.

(दृश्य : शेत, विहिरीचं पाणी)

ही जमीन पंडिता रमाबाईंनी घेतली होती फळबागेसाठी. पुण्यातलं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी त्यांनी काढलेली शाळा, देणग्यांवर चालायचं, त्याला बागेच्या उत्पन्नाचा हातभार लागावा हा हेतू. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बाया घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. प्लेगच्या दिवसांत पुण्यात एवढ्या जणींची सोय होईना, म्हणून त्यांना इथे आणलं. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली होती.

(दृश्य : रमाबाईंचं छायाचित्र, पांढरं पातळ)

त्यांचा बाप्तिस्मा झाला 1883 साली, इंग्लंडमध्ये. पुढे आपली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची हकीकत, लिहिताना या बाईने एक गोष्ट उघड कबूल केली : ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं गेली. जगभर नाव झालेल्या विदुषीने हे स्वतःबद्दल लिहावं! मी ते वाचलं तेव्हा कपाटातला माझा बाप्तिस्म्याचा दाखला आठवला, आणि बराच वेळ पान उलटवलं नाही.

शारदा सदनात त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये, मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून, त्यावरून गदारोळ झाला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडंच राहिलं.

(दृश्य : खिळ्यांचे खण, अगदी जवळून)

आता हा खिळा बघा. नखाएवढा शिशाचा तुकडा, त्यावर अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. मराठीला नुसता ‘क’ पुरत नाही. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं; ज्याचा त्याचा खण ठरलेला. एकेक खिळा उचलून ओळ भरायची, ओळींचं पान करायचं, फर्मा आवळायचा, शाईचा रूळ फिरवायचा, प्रूफ काढायचं. चुकलेला खिळा चिमट्याने उपसायचा, दुसरा बसवायचा, पुन्हा प्रूफ. छापून झालं की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खणात.

मुक्तीच्या छापखान्यात हे काम बाया करायच्या. दुष्काळातून आलेल्या, घरातून टाकलेल्या, इथे येईपर्यंत अक्षरओळख नसलेल्या कितीतरी जणी त्यांच्यात होत्या. छपाई त्यांची, घड्या घालणं त्यांचं, बांधणीही त्यांची.

आणि छापत काय होत्या? पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. जड शब्द त्यांच्या जिभेवर खेळत. पण आधीच्या मराठी भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा आपल्या बायांना कळत नाही, हे त्या रोज बघत होत्या. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, मूळ भाषांवरून शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतलं. त्या कामाला दीड दशकाहून जास्त काळ लागला. खेड्यातल्या बाईला एकटीने बसून वाचता आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास. शिकवायची ती माणसं आणि ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं एकाच अंगणात होती. नामधारी ख्रिस्तीपण इथे एक दिवससुद्धा टिकलं नसतं.

(दृश्य : स्मशानभूमी)

1921 च्या जुलैमध्ये मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासूनच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. चर्चच्या मंडळ्यांमध्ये मात्र ते फारसं रुळलं नाही.

(दृश्य : जुनं बायबल, एका आजींचे हात)

पान पिवळं पडलंय, कडा झिजल्यात. आजी ओळीखाली बोट ठेवून वाचताहेत.

(निवेदन इथे थांबतं. आजींचा आवाज तसाच चालू ठेवायचा.)