कागदावर 51 टक्के

[दृश्य: टेबलावर एक निळी फाईल. दोन हात एकेक कागद बाहेर काढून मांडतात.]

या फाईलमध्ये पाच कागद आहेत. पहिला कंपनीच्या नोंदणीचा. दुसरा भागधारकांच्या यादीचा. तिसरा कर्जाचा करारनामा, चौथा मुखत्यारपत्र. आणि हा पाचवा, हा जरा जवळून बघा. शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा फॉर्म. देणाऱ्याची सही झालेली आहे. घेणाऱ्याचं नाव कोरं. तारखेची जागाही कोरी.

थायलंडमध्ये फुकेत किंवा को समुईला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या कित्येक बंगल्यांमागे अशी एक फाईल असते. घर घेणारा परदेशी असतो. फाईल तयार करून देणारा त्याला सांगतो, "काळजी करू नका, इथे सगळे असंच करतात."

सगळे करतात, हे खोटं नाही. गंमत अशी, की या फाईलमधला प्रत्येक कागद मालकाला वाचवण्यासाठी केलेला असतो, आणि नेमका तोच त्याला अडकवतो.

[दृश्य: थाई मालमत्तापत्र. माथ्यावर लाल गरुड.]

हा चानोत. थायलंडमधला जमिनीचा सगळ्यात पक्का कागद. वर लाल रंगात गरुड आहे, आपल्या विष्णूचं वाहन तेच. क्षेत्र 'राय'मध्ये लिहितात. एक राय म्हणजे 1600 चौरस मीटर, आपले जवळजवळ 16 गुंठे. या कागदावर मालक म्हणून परदेशी माणसाचं नाव लागणं अशक्यच म्हणा ना. 1954 च्या जमीन कायद्यात परदेशी माणसाला जमीन मिळण्याची वाट होती, ती दोन देशांमधल्या तहातून. ते तह 1970 पर्यंत संपले. पुढे 1999 मध्ये एक खिडकी उघडली: 4 कोटी बाट (बाट हे थाई चलन) ठरलेल्या ठिकाणी गुंतवा आणि परवानगीने राहण्यापुरती एक राय घ्या. ही खिडकी कुणासाठी, ते आकड्यावरूनच कळतं.

मग बाकीच्यांनी जमीन जिच्या नावावर घ्यायची, अशी थाई कंपनी शोधून काढली.

कायद्याची मोजणी अशी: एखाद्या कंपनीत 49 टक्क्यांहून जास्त शेअर परदेशी लोकांचे असतील, किंवा भागधारकांत निम्म्याहून जास्त माणसं परदेशी असतील, तर जमिनीच्या बाबतीत ती कंपनीही परदेशी. म्हणून 49 आणि 51. धरून चाला, पुण्याचा एक माणूस फुकेतला बंगला बघून आलाय. कंपनीचं भांडवल 20 लाख बाट. 49 टक्के त्याचे. उरलेले 51 टक्के दोन थाई नावांवर, म्हणजे प्रत्येकी 5,10,000 बाट. ती दोन नावं कुणाची? कुणी ऑफिसमधली कारकून, कुणी गाडी चालवणारा. त्यांनी हे पैसे भरलेले नसतात. बंगला कुठे आहे हेसुद्धा बऱ्याचदा त्यांना ठाऊक नसतं.

आता पुणेकराच्या पोटात गोळा येतो. 51 टक्के दुसऱ्याचे! उद्या त्यांनी बंगला विकला तर? मग एकेक कुलूप लावलं जातं. थाई शेअरना मत कमी, दहा शेअरला एक. संचालक एकटा परदेशी. थाई भागधारकांनी शेअरचे पैसे त्याच्याकडूनच कर्जाऊ घेतल्याचा करार. मतदानासाठी मुखत्यारपत्र. आणि शेवटी तो कोरा फॉर्म, वाटेल त्या दिवशी तारीख टाकून शेअर काढून घेण्यासाठी.

कुलपं भक्कम आहेत. पण हीच फाईल चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. थाई भागधारक नावापुरते आहेत हे सिद्ध करायला त्याला आणखी काय लागणार? साक्षीदारसुद्धा नको.

आपल्याकडे याला एक साधा शब्द आहे, बेनामी.

[दृश्य: 2006 सालचं बँकॉक. रस्त्यावर निदर्शक.]

बरीच वर्षं याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. चित्र बदललं 2006 मध्ये, आणि ते कुणाच्या बंगल्यामुळे नाही. त्या वर्षी जानेवारीत पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्या कुटुंबाने शिन कॉर्प या दूरसंचार कंपनीतला आपला हिस्सा सिंगापूर सरकारच्या तेमासेक या गुंतवणूक कंपनीला विकला, सुमारे 73 अब्ज बाटला. खरेदीसाठी उभ्या केलेल्या कंपन्यांमधले थाई भागधारक खरे की नावापुरते, यावर देश पेटला. मे महिन्यात गृहमंत्रालयाने जमीन कार्यालयांना परिपत्रक पाठवलं: कंपनीत परदेशी भागधारक किंवा संचालक दिसला, की थाई भागधारकांनी पैसे कुठून आणले ते तपासा. सप्टेंबरात लष्कराने सत्ता घेतली, थाकसिन यांची खुर्ची गेली. परिपत्रकातला प्रश्न मात्र राहिला.

शिक्षेचं म्हणाल तर जमीन कायद्यातली ऐकून हसू येईल. 20,000 बाटपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा आजच्या किनाऱ्यावरच्या भावांपुढे चिल्लर आहे. पण 1999 चा परदेशी व्यवसाय कायदाही लागू शकतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख ते दहा लाख बाट दंड, किंवा दोन्ही आहे. शिवाय जमीन विकावी लागते. त्यासाठी 180 दिवसांपेक्षा कमी नाही आणि एक वर्षापेक्षा जास्त नाही अशी मुदत मिळते. मुदतीत विकली नाही तर जमीन खात्याचे महासंचालक विकतात. आता सांगा, विकणाऱ्याच्या डोक्यावर तारीख टांगलेली आहे हे कळल्यावर कोण पूर्ण भाव देईल?

आणि सरकारने कधी बघितलंच नाही, तरी फाईल सुरक्षित असते असं नाही. भागधारक मरतो, वारस येतात. त्याचा घटस्फोट होतो, सावकार त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणतो. त्या मालमत्तेत तुमचे शेअरही आलेच. मग पुणेकराने कोर्टात जाऊन काय म्हणायचं? "साहेब, हे शेअर खरे माझेच, कायदा चुकवायला यांच्या नावावर ठेवले होते"? कायद्याने मनाई केलेल्या हेतूसाठी केलेला करार थाई दिवाणी संहितेत मुळातच रद्दबातल आहे.

बालीत तर याहून कडक. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्काची जमीन आडमार्गाने जरी परदेशी माणसाकडे गेली, तरी तो व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

[दृश्य: मोरजीचा किनारा. मग कोकणातली लाल माती, दगडी गडगा.]

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून कोकणात गावातल्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर शहरातल्यांची किती फार्महाऊस उभी आहेत, हे तलाठी अण्णांना विचारा. गोव्यात हाच खेळ उलट्या बाजूने झाला. तिथे परदेशी लोकांनी भारतात कंपन्या नोंदवून जमिनी घेतल्या, आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली ईडीच्या नोटिसा आल्या.

आपल्या पुणेकराला मागची बाजूही सांभाळायची आहे. भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेता येतात, पण बाहेरची मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. नाही दाखवली तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड. दाखवली, तर कागदावर जी जमीन त्याची नाहीच, ती आपली म्हणून इथे स्वतःच्या सहीने लिहून द्यायची.

सरळ मार्ग आहेत, फक्त त्यांची जाहिरात कमी होते. थायलंडमध्ये इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्राच्या 49 टक्क्यांपर्यंत फ्लॅट परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतात. जमीन 30 वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने मिळते. "30 अधिक 30 अधिक 30" असं कुणी सांगितलं, तर त्यातले फक्त पहिले 30 मोजा.

[दृश्य: जमीन कार्यालय. काउंटरसमोर लाकडी बाक.]

जमीन अधिकाऱ्याला संशय आला, तर तो भागधारकांना बोलावून विचारू शकतो. पुणेकर घाम पुसत बाजूला उभा आहे. पण प्रश्न त्याला नाही. प्रश्न यादीतल्या दुसऱ्या नावाला आहे, त्या कारकून बाईला. कायद्यात जेवढी कैद परदेशी माणसाला, तेवढीच नाव उसनं देणाऱ्यालाही. अधिकारी यादीवर बोट ठेवतो आणि विचारतो,

"हे 5,10,000 बाट तुम्ही कुठून आणले?"

[दृश्य: ती पुणेकराकडे बघते.]