भावाचा माग

[पडद्यावर: उघडं पोतं. नमुना काढायची नळी आत शिरते.]

पोत्यातून नळी बाहेर येते, मूठभर दाणे तळहातावर पडतात. खरेदीदार ते चोळून बघतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो. शेजारी उभा असलेला नोंदणीदार वहीत आकडा टिपतो. शेतमालाच्या बाजारावरचं संशोधन, त्यात पुढे कितीही गणित येवो, अशा टिपलेल्या आकड्यांवरच उभं असतं.

त्या एका आकड्यात चार गोष्टी गुंतलेल्या असतात. माल कोणत्या प्रतीचा होता, कुठे विकला, कधी विकला आणि शेतकरी ते ग्राहक या साखळीत तो कोणत्या टप्प्यावर होता. या चार गोष्टी सुट्या न करता दोन भाव शेजारी ठेवून वजाबाकी केली, तर उत्तर येतं खरं. पण ते उत्तर नफ्याचं आहे, खर्चाचं आहे की निव्वळ पाण्याचं, ते कळत नाही.

[पडद्यावर: ओलावा मोजण्याचं यंत्र. आकडा १८ वर थांबतो.]

पाण्याचं म्हणजे अक्षरशः पाण्याचं. नुकत्याच कापणी झालेल्या १०० किलो धान्यात १८ टक्के ओलावा असेल, तर कोरडा भाग ८२ किलो. तेच धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं, की ८२ भागिले ०.८८, म्हणजे वजन भरतं साधारण ९३.२ किलो. जवळजवळ ७ किलो हवेत गेले. आता वाळलेल्या मालाला किलोमागे ७.३ टक्के जास्त भाव मिळाला, तरी विकणाऱ्याच्या हाती तेवढेच पैसे पडतात, आणि वाळवण्याची मजुरी वेगळीच. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात भाव पडले असं दिसलं, तर त्या घसरणीतला किती भाग ओलाव्याचा होता, हे आधी काढावं लागतं.

प्रतीचा हिशेब नीट मांडण्याचा एक जुना आणि आजही शिकण्यासारखा नमुना फ्रेडरिक वॉ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा. १९२७ साली बोस्टनच्या घाऊक भाजीबाजारात त्यांनी शतावरीच्या जातीच्या ॲस्परॅगस या भाजीच्या कोंबांच्या जुड्या तपासल्या. कोंबाचा हिरवा भाग किती लांब आहे, जुडीत कोंब किती आहेत, ते एकसारख्या जाडीचे आहेत का, हे मोजलं आणि त्या जुडीला मिळालेल्या भावाशी ताडून पाहिलं. सगळ्यात जास्त फरक पडत होता तो हिरव्या भागाच्या लांबीनं. १९२८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पुढे घरांपासून मोटारींपर्यंत कशाचीही किंमत तिच्या गुणांमध्ये वाटून पाहण्याची जी पद्धत रुळली, तिच्या मुळाशी भाजीच्या या जुड्या आहेत.

[पडद्यावर: नोंदवहीचं पान. रकाने एकेक करून उजळतात.]

म्हणून नोंदवहीत नुसता भावाचा रकाना पुरत नाही. जात, प्रत, ओलावा, वजन बारदानासह की बारदान वजा करून, विक्रीची वेळ, एकूण आवक, किमान भाव, कमाल भाव आणि ज्या भावाला सगळ्यात जास्त माल गेला तो भाव. यातला शेवटचा रकाना सोन्यासारखा. कमाल भाव कधीकधी दोनच निवडक पोत्यांचा असतो, आणि किमान-कमालची सरासरी काढली की ती दोन पोती अख्ख्या बाजाराचा भाव वर ओढतात.

बाजार बंद असेल त्या दिवशी रकाना रिकामा सोडायचा. शून्य लिहायचं नाही, आणि कालचाच भाव पुढे ओढायचा नाही. ओढलेला भाव सपाट दिसतो. मग दोन गावांचे बाजार एकाच सणाला बंद राहिले, की त्यांचे भाव एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत असा भास होतो. रिकामी जागा भरायचीच असेल, तर कोणती जागा कशी भरली याची खूण ठेवून भरावी, आणि निष्कर्ष भरलेल्या जागांसह एकदा व त्यांच्याशिवाय एकदा काढून पाहावा.

आणखी एक गोष्ट वहीत दिसतच नाही: जो माल बाजारात आलाच नाही तो. उत्तम प्रतीचा माल थेट करारानं कारखान्याकडे किंवा निर्यातदाराकडे गेला, तर उघड्या बाजारात मागे उरलेल्या मालाचा भाव नोंदला जातो. काही वर्षांत नोंदलेला भाव घसरलेला दिसतो, पण प्रत्यक्षात बदललेली असते ती बाजारात येणाऱ्या मालाची प्रत. आवकेचा आणि प्रतीचा रकाना असेल, तरच हे पकडता येतं.

[पडद्यावर: भात, कोंडा, तूस आणि तांदूळ, चार ढीग.]

आता साखळीच्या टप्प्यांकडे. ग्राहकानं मोजलेल्या पैशातला शेतकऱ्याच्या वाट्याला किती येतो, हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि इथेच सर्वाधिक घाईचे हिशेब होतात. १०० किलो भात भरडला तर तांदूळ निघतो साधारण ६५ ते ७० किलो. तूस सुमारे २० किलो, बाकी कोंडा. त्यामुळे किलोभर भाताचा भाव आणि किलोभर तांदळाचा भाव यांची थेट तुलना निरर्थक आहे. एक किलो तांदळामागे जवळपास दीड किलो भात लागला, हे धरायचं आणि कोंडा विकून आलेले पैसे त्यातून वजा करायचे. भाजी-फळांत हीच भूमिका नासाडी बजावते. शेतावर १० च्या भावानं घेतलेला १०० किलो माल दुकानात पोहोचेपर्यंत ८० किलो उरला आणि २० च्या भावानं विकला गेला, तर दोन भाव पाहणारा म्हणेल की शेतकऱ्याचा वाटा निम्मा. खरा हिशेब असा: शेतकऱ्याला मिळाले १,०००, ग्राहकांनी दिले १,६००. वाटा साडेबासष्ट टक्के. मधले साडेबारा टक्के नासाडीनं खाल्ले. ते मधल्या कोणाच्याच खिशात गेले नाहीत. म्हणूनच अशा साखळीत शीतगृह आणि चांगली क्रेट यांवरचा खर्च नफा कमी करण्याच्या हुकमापेक्षा जास्त फळ देऊ शकतो.

यापुढचा हिशेब सावकाश ऐकावा असा आहे.

[पडद्यावर: एक उभा स्तंभ. खालचा भाग ३, वरचा भाग ७.]

समजा, एखाद्या खाद्यपदार्थाची किरकोळ किंमत १० आहे. त्यातले ३ शेतकऱ्याचे आणि ७ वाहतूक, प्रक्रिया, वेष्टन, भाडं, मजुरी यांचे. हे ७ ठरलेले आहेत असं धरू. किंमत १ टक्का उतरली की ग्राहक अर्धा टक्काच जास्त खरेदी करतात, असंही धरू. अन्नाच्या बाबतीत हे नवल नाही, कारण भूक भावाकडे बघून वाढत नाही. आता पीक चांगलं आलं आणि बाजारात ३ टक्के माल जास्त आला. तो खपायला किरकोळ किंमत ६ टक्के उतरायला हवी, म्हणजे १० वरून ९.४० वर. ७ तसेच राहिले, तेव्हा शेतकऱ्याकडे उरले २.४०. तीनवरून दोन पूर्णांक चार. घसरण २० टक्के.

ग्राहकाला भाव ६ टक्के उतरलेला दिसतो, शेतकऱ्याला २० टक्के पडलेला. मधल्या कोणीही एक पैसा जास्त घेतलेला नाही. टक्केवारीतली ही तफावत म्हणजे लुटीचा पुरावा, असं अनेक अहवालांत गृहीत धरलेलं असतं. ही तफावत साखळीच्या रचनेतूनच येते, आणि शेतकऱ्याचा वाटा जितका लहान तितका त्याला बसणारा धक्का मोठा. प्रक्रिया आणि वेष्टन वाढत जातं तसा मूळ मालाचा भाव अधिक हेलकावे खातो, त्यामागे हेच आहे. लूट कुठेच नसते असा याचा अर्थ घेऊ नये. ती शोधायची असेल तर तिची खूण दुसरीकडे पाहावी लागते. तिकडे येऊच.

चांगलं पीक उत्पन्न कसं बुडवतं, हे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगरी किंग यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यात मांडलं गेलं होतं. चार्ल्स डॅव्हनंट यांनी तो १६९९ मध्ये छापला. धान्याचं पीक १० टक्के कमी आलं तर भाव ३० टक्के वाढतो, २० टक्के कमी आलं तर ८० टक्के. गुणाकार करून पाहा: ९० गुणिले १३०, म्हणजे शंभरातल्या पिकाला १०० मिळत होते तिथे नव्वदातल्या पिकाला ११७. कमी पिकाला एकूण पैसा जास्त. पण तो पैसा ज्याच्या शेतात पीक उरलं त्याचा. ज्याचं सगळं गेलं, त्याला वाढीव भाव काय कामाचा? सरासरी उत्पन्नाचे आकडे दाखवताना ही वाटणी लपते.

[पडद्यावर: आलेखावर विखुरलेले ठिपके. रेघ ओढली जाते, मग पुसली जाते.]

ग्राहक अर्धा टक्काच जास्त घेतात, हे तरी कशावरून ठरवायचं? दरवर्षीचा भाव आणि दरवर्षीचा खप यांचे ठिपके मांडून रेघ ओढणं सोपं. पण ती रेघ मागणीची आहे की पुरवठ्याची? १९२७ मध्ये अर्थतज्ज्ञ एल्मर वर्किंग यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: दोन्ही रेषा सरकत असतील, तर ठिपक्यांतून यातली एकही मिळत नाही. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी वाट दाखवली, आणि त्यांच्या हाताशी होतं लोणी आणि जवस. एकरी उतारा पावसापाण्यावर ठरतो, खाणाऱ्याच्या आवडीवर नाही. म्हणून उताऱ्यामुळे जेवढा भाव हलला तेवढाच भाग घ्यायचा. त्यात पुरवठाच सरकलेला असतो, आणि मागणीची रेघ आपोआप उमटते. अर्थशास्त्राच्या अनेक शाखांत आज वापरलं जाणारं हे तंत्र जवसाच्या हिशेबातून आलेलं आहे.

मात्र ते आंधळेपणानं वापरलं की फसतं. ज्या भागात शेतकरी हेच मोठे ग्राहक आहेत, तिथे पाऊस पुरवठ्याबरोबर खरेदीची ऐपतही हलवतो. मग पाऊस फक्त पुरवठ्याला हात लावतो हे गृहीतक ढासळतं. पिकणारा भाग आणि खाणारा भाग दूर असेल, तिथेच ते विश्वासानं वापरावं.

[पडद्यावर: किनारा, होड्या, दूरवर मोबाइलचा मनोरा.]

दोन बाजार एकमेकांशी जोडलेले आहेत का, हा स्वतंत्र प्रश्न. एका बाजारातून दुसऱ्यात माल न्यायला किलोमागे २ खर्च येत असेल आणि भावांतला फरक दीड असेल, तर कोणीही गाडी भरणार नाही. तेवढ्या पट्ट्यात दोन्ही भाव आपापल्या वाटेनं हलत राहतात, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. फरक २ च्या वर जाऊन तसाच टिकला, तर चौकशी सुरू करायची: रस्ता, परवाना, कर्ज, माहिती, यातलं कुठे अडलंय? उलट, दोन भाव बरोबरीनं चढले एवढ्यावर जोडणी सिद्ध होत नाही. चलनवाढ आणि हंगाम दोघांनाही एकाच वेळी उचलतात. आपापल्या परीनं भरकटणाऱ्या दोन मालिकांमध्येही खोटं नातं दिसू शकतं, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं.

माहितीचा अडसर दूर झाला की काय होतं, याचा सुबक पुरावा केरळच्या तारली या मासळीचा. १९९७ ते २००१ दरम्यान तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानं मोबाइल सेवा आली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी एका टप्प्यात सेवा आलेली गावं आणि अजून न आलेली गावं यांची तुलना केली. होड्या समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागल्या. किनाऱ्यांमधली भावाची तफावत झपाट्यानं घटली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास संपली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकांसाठी भाव ४ टक्के उतरला. दोघांचाही फायदा कुठून आला? वाया जाणाऱ्या मासळीतून आणि चुकीच्या किनाऱ्याला लागणाऱ्या होड्यांतून.

साठवणीचं गणित थोडक्यात. सुगीला १०० ला घेतलेला माल सहा महिन्यांनी विकायचा, महिना १ टक्का व्याज, अर्धा टक्का गोदामभाडं आणि शेवटी २ टक्के घट. खर्च झाला १०९, माल उरला ९८. म्हणजे १११ च्या पुढे जो भाव मिळेल तिथून कमाई सुरू. ऑफ-सीझनला भाव ११ टक्के चढला तर साठेबाजी झाली असं म्हणण्याआधी हे मांडावं.

[पडद्यावर: दोन रेषा. एक झपकन वर जाते, दुसरी हळूहळू खाली.]

आता लुटीची ती राहिलेली खूण. मूळ मालाचा भाव वाढला की दुकानातला भाव लगेच वाढतो, आणि उतरला की दुकानातला भाव रेंगाळत उतरतो. हे तपासायला चढ आणि उतार वेगळे मोजावे लागतात, आणि आकडे आठवड्याचे हवेत. महिन्याच्या सरासरीत तीन आठवड्यांची दिरंगाई बुडून जाते. ही असमानता सापडली तरी तिथे थांबता येत नाही. अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी २००० साली कितीतरी वस्तूंचे बाजार तपासले, तेव्हा ती सर्रास आढळली, आणि भरपूर स्पर्धा असलेल्या बाजारांतही तितकीच. जुना साठा, किंमतपट्ट्या बदलण्याचा खर्च, भाव पुन्हा वाढेल ही धास्ती, अशी साधी कारणंही असतात. नाशवंत मालात तर उलटंही घडतं: माल अंगावर पडेल या भीतीनं दुकानदार भाव वाढवायला कचरतो.

म्हणून भावांच्या मालिकेनंतर संशोधकाला पायी फिरावंच लागतं. एका बाजारात प्रत्यक्ष बोली लावणारे किती, पहिल्या चार खरेदीदारांकडे किती टक्के माल जातो, ज्यानं कर्ज दिलं त्यालाच माल घालायची अट आहे का, वजनकाटा कोणाचा, पैसे किती दिवसांनी मिळतात. तीस दिवस उशिरा मिळालेला चांगला भाव, महिन्याला ३ टक्के व्याजानं पैसे उचलणाऱ्याला ३ टक्के कमीच पडतो, आणि ही कपात भावाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ती विचारूनच नोंदवावी लागते, प्रत्येक विक्रीपुढे, वेगळ्या रकान्यात.