हळद लागलेली पिकअप

(दृश्य : पहाट. अंगणात उभी पांढरी पिकअप. बंद बोनेटवर टेकवलेला तळहात.)

रोज पहाटे किल्ली लावायच्या आधी दादा बोनेटवर तळहात टेकवतो. बघणाऱ्याला वाटतं, नमस्कार करतोय. नमस्कार तो नंतर करतो, डॅशबोर्डवरच्या सप्तशृंगीला. हा हात वेगळा. ही सवय त्याला डिसेंबर २०२३ मध्ये असती, तर मला ही फिल्म करायला विषयच मिळाला नसता.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. दोन एकर द्राक्षं, एक एकर टोमॅटो, आणि माल न्यायला कायम दुसऱ्याची गाडी. भाडं तो सांगेल ते, वेळ तो म्हणेल ती. आपल्याला लिलावाच्या आधी पिंपळगाव बसवंत गाठायचं असतं आणि गाडीवाला आधी त्याच्या मेव्हण्याचा माल भरत असतो. अशाच एका संध्याकाळी पडलेल्या भावात टोमॅटो देऊन आल्यावर दादा म्हणाला, आता आपलीच घ्यायची. नवी झेपणारी नव्हती. मग जुनी.

(दृश्य : हायवेच्या कडेला ओळीनं उभ्या जुन्या गाड्या. टायर काळे केलेले, काचा पुसलेल्या.)

नाशिकच्या बाहेर हायवेला जुन्या गाड्यांची अशी दुकानं बरीच आहेत. त्यातल्या एका ठिकाणी ही उभी होती. २०१६चं मॉडेल, मीटरवर ९८ हजार किलोमीटर, किंमत तीन लाख ऐंशी हजार. वहिनीनं बचत गटातून साठ हजार उचलले, एक लाख घरातले, बाकीचं फायनान्स. हप्ता आठ हजार दोनशे, तीन वर्षं.

मीही बरोबर होतो. शिकलेला भाऊ म्हणून कागद बघायचं काम माझ्याकडं. ते मी चोख केलं. आरसी बघितली, इन्शुरन्स बघितला. आधीच्या कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून घेतले. ऑनलाइन चलनं बघितली, साडेसात हजारांची निघाली, ती गाडीच्या मालकाकडूनच भरून घेतली. फिटनेस, म्हणजे गाडी धडधाकट असल्याचा आरटीओचा दाखला, अजून चार महिने होता. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस लागतो, नंतर दरवर्षी. म्हणजे एप्रिलनंतर दर वर्षी पासिंग, एवढंही मी दादाला ऐटीत सांगितलं. कागदात एक खोट नव्हती.

गाडी मात्र आम्ही डोळ्यांनी बघितली. इंजिन धुऊन लख्ख केलेलं, चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळा रंग. अर्ध्या सेल्फला सुरू झाली. दादानं बोनेट उघडायला हात लावला तर पत्रा चांगलाच गरम. आम्हाला कौतुक वाटलं, गिऱ्हाईक येणार म्हणून माणसानं गाडी तयार ठेवलीय. गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इंजिनचं खरं दुखणं कळतं ते रात्रभर गार पडल्यावर, पहिल्या सेल्फला.

मालक वाकून मागच्या चाकाजवळच्या पाट्यांकडं, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी पानांच्या स्प्रिंगकडं, बोट दाखवत म्हणाला, "भाऊ, पाटे वाढवून घेतलेत. कितीही टाका, बसणार नाही."

दादाला तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. परत येताना दोनदा म्हणाला, "पाटे वाढवलेत बरं का."

रिकाम्या गाडीतून दोन किलोमीटर सपाट रस्त्यावर चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली.

(दृश्य : रात्र. द्राक्षांचे क्रेट भरताना. गाडीवर ताडपत्री ओढली जाते.)

जानेवारीत पहिला माल काढला. दीड टन द्राक्षं, वाशी मार्केट. जेवण करून निघालो की घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर करत पहाटेच्या आत वाशी. इगतपुरीच्या पुढं घाटनदेवीला दादानं गाडी थांबवली. सगळेच थांबतात. नारळ फोडला आणि घाट उतरायला लागलो.

या घाटाला जुन्या कागदांत थळ घाट म्हणतात. शेजारून रेल्वे जाते, तिचा चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात, तेव्हा ती वर येते. रेल्वेला मागून ढकलणारं कुणीतरी असतं. रस्त्यानं जाणाऱ्याचं ज्याचं त्यालाच बघावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर दादा काही न बोलता सरळ होऊन बसला. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "पाय खाली जातोय."

ब्रेकचं पेडल आधी जिथं धरत होतं, तिथं धरेना. दुसऱ्यांदा दाबलं की थोडं वर यायचं, मग परत खाली. केबिनमध्ये जळका वास, ब्रेकच्या लायनरचा. दादानं गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, इंजिन किंचाळायला लागलं. मागचा कंटेनर हॉर्न देत होता. पुढं डाव्या हाताला जरा रुंद जागा आली तिथं कसंबसं टेकवलं. मी उतरून चाकाला दगड लावले. पुढच्या चाकांजवळ तोंडाला आच लागत होती. मागचं डावं चाक मात्र गार. हात लावला तरी गार.

चाक गार आहे म्हणून मला बरं वाटलं होतं. एवढी माझी अक्कल.

(दृश्य : गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी, उघडा ड्रम, टॉर्चचा उजेड.)

आडगाव नाक्याकडं एक मिस्त्री आहेत. पन्नाशीचे, कमी बोलतात, नाव फिल्ममध्ये नको म्हणाले. त्यांनी मागचं डावं चाक उघडलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. ब्रेक ऑइलची बारीक नळी चाकाकडं जाते. ती एका जागी हातोडीनं चेपून सपाट केली होती. वर रंग मारलेला.

"चाकातला ब्रेकचा सिलेंडर गळत असणार," मिस्त्री म्हणाले. "नवा टाकायचा सोडून नळीच बंद केली. तीन चाकांवर चालवली."

रिकामी गाडी तीन चाकांवर थांबते. दोन किलोमीटरच्या चकरीत कुणाला कळणार? दीड टन माल घेऊन उतरताना चौथ्या चाकाचं काम बाकीच्या तिघांवर येतं, ती तापतात. त्यात ब्रेक ऑइल जुनं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांला उकळतं, पाणी धरलेलं १४० च्या आसपास. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो तो त्यामुळं. मिस्त्रींनी बाटलीत काढून दाखवलं, काढ्यासारखं काळं होतं.

चारी सिलेंडरची किट, लायनर, नळी, ऑइल. अकरा हजार.

पुढच्या दोन महिन्यांचं फार सांगण्यासारखं नाही. क्लच प्लेट गेली, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला, एक पहाट बॅटरी गेली आणि त्या दिवशी आम्ही अर्ध्या गावाला धक्का मारायला उठवलं. क्लचचं काम करताना मिस्त्रींनी पेडलवरून अंगठा फिरवला. रबर गुळगुळीत, कडेनं पार झिजलेलं. "मीटर ९८ हजार सांगतं ना? पेडल काही तसं म्हणत नाही."

(दृश्य : भिवंडीतलं गोदाम. फरशीच्या पेट्या चढवल्या जातात. मग चढाचा रस्ता, दुपारचं ऊन.)

मार्चमध्ये दादानं भिवंडीहून परतीचं भाडं धरलं. फरशीच्या पेट्या, नाशिकला टाकायच्या. रिकामं येण्यापेक्षा डिझेल सुटतं. फरशी दिसते थोडी आणि भरते भारी. भर दुपारी कसारा चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला, अर्ध्याच्या पुढं, मग लालमध्ये. बोनेटच्या फटीतून वाफ. गाडी बाजूला घेतली. दादा रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला, तर चहाच्या टपरीवाल्या आजीनं तिथूनच ओरडून थांबवलं, "ए बाबा, तोंड भाजून घेशील! बस आधी." घाटातल्या टपरीवाल्यांनी अशी किती झाकणं उडताना बघितली असतील.

तास-दीड तास बसलो. मग पाणी टाकत, थांबत, टाकत, थांबत नाशिक.

मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला. खालच्या टाकीतून पाणी येईना. तार घातली, तर पिवळट चिखल बाहेर आला. त्यांनी बोटावर घेऊन हुंगला आणि दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्यानं हसताना बघितलं.

"गाडीचं लगीन लावलंय की कुणी. हळद आहे."

हा जुना इलाज आहे. रेडिएटर बारीक गळत असेल तर वाटेत कुठंतरी हळद टाकतात, ती फुगून छिद्र बुजवते. घरी पोहोचण्यापुरता उपाय. इथं मात्र वर्षानुवर्षं डबाच रिकामा केलेला दिसत होता. छिद्रांबरोबर पाण्याच्या बारीक नळ्याही बुजल्या. मग गाडी तापू नये म्हणून पुढची कारागिरी : थर्मोस्टॅट वॉल्व्हच काढून टाकलेला. हा वॉल्व्ह पाणी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांला आलं की उघडतो, तोवर इंजिनला गरम होऊ देतो. तो नसला की रिकामी गाडी कधी तापतच नाही, काटा खालीच राहतो. बघायला आलेला माणूस खूश. आम्हीही झालो होतो.

तापून तापून इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड पॅकिंग गेलं होतं. डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइल लस्सीसारखं. पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. हेड उतरवलं, फेसिंगला दिलं, नवं पॅकिंग, रेडिएटरचा नवा कोअर, वॉल्व्ह. बेचाळीस हजार. आणि नऊ दिवस गाडी गॅरेजला, भर द्राक्षाच्या हंगामात. ते नऊ दिवस पुन्हा त्याच मेव्हणेवाल्याची गाडी भाड्यानं घेतली. तो एका शब्दानं काही बोलला नाही, नुसता हसला. दादाला बेचाळीस हजारांपेक्षा ते जास्त लागलं, असा माझा अंदाज आहे.

(दृश्य : गाडीखालून. तारेचा ब्रश, उडणारा काळा रंग, हळूहळू दिसणारी रेघ.)

आता पाट्यांचं. एप्रिलमध्ये पासिंगच्या आधी मिस्त्री म्हणाले, खालून एकदा बघून घेऊ. मागच्या पाट्याचं ब्रॅकेट जिथं चासीला बसतं, तिथं ते तारेचा ब्रश घासत राहिले. काळा रंग निघाला, खाली गंज, गंजाखाली वेल्डिंगचा जुना ओघळ, आणि त्याच्या शेजारून निघालेली केसाएवढी रेघ. नखानं तपासली. नख अडकलं. चासीला चीर.

मिस्त्री आडवे पडूनच बोलत होते. पाटा वाढवला म्हणजे गाडी बसत नाही, एवढंच. वजन कुठं जातं? पाटा वाकला असता तर थोडं पोटात घेतलं असतं. तो वाकत नाही, मग दणका ब्रॅकेटला, ब्रॅकेटचा चासीला. आणि पाटे कोण वाढवतं? जो जास्त भरतो तो.

टोमॅटोची जाळी, म्हणजे क्रेट, वीस किलोची धरतात. तेराशे किलो माल न्यायची परवानगी असलेल्या गाडीत पासष्ट जाळ्या बसल्या पाहिजेत. मार्केटच्या गेटवर उभं राहून मोजा. शंभर, एकशे दहा सर्रास दिसतील. म्हणजे बावीसशे किलो. पकडलं तर वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. तरी भरतात, कारण भाडं जाळीवर मिळतं. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही. दादानंही एकदा नव्वद भरल्यात, मी बरोबर होतो.

मालक अभिमानानं बोट दाखवत होता, ती जागा हीच. गाडीनं सात वर्षं काय ओढलं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आम्ही ते विशेष म्हणून ऐकलं.

वाढीव पाटा काढला, चीर तासून, भरून, वरून पट्टी मारली. पहिल्या आठ महिन्यांत सगळं मिळून एक लाख अठरा हजार गेले. हप्ते वेगळे. वहिनी वहीत लिहिते. मी हिशोब कॅमेऱ्यावर सांगायला सांगितला तर म्हणाली, "भाऊजी, वही दाखवा तुमच्या लोकांना. मला परत वाचायची नाही."

(दृश्य : वही. रकान्यात आकडे, एका पानाच्या कडेला हळदीचा डाग.)

तो डाग स्वयंपाकघरातलाच आहे. मी मुद्दाम टाकलेला नाही.

आता गावात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की दादाला घेऊन जातं. दादा आदल्या रात्री फोन करून सांगतो, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात. मग गार सेल्फ. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघतो, भपाभपा धूर येतो का. पाट्यांची पानं मोजतो. जिथं रंग सगळ्यात नवा, तिथं ब्रश मारतो. आणि शेवटी विचारतो, माल भरून घाटात नेऊ का? बहुतेक मालकांना त्या दिवशी नेमकं कुठंतरी लग्नाला जायचं असतं.

(दृश्य : रात्र. केबिन. डॅशबोर्डचा उजेड. काटा अर्ध्याच्या खाली.)

५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झालाय, बोगद्यातून खाली उतरता येतं. दादा अजून जुन्या घाटानंच जातो. टोल वाचतो म्हणतो. घाटनदेवीही चुकत नाही.

गाडी आता चांगली आहे. एकच आवाज राहिलाय. गाडी भरलेली हवी, चढ हवा, तिसरा गिअर हवा, तेव्हाच येतो. रिकाम्या गाडीत नाही, गॅरेजात तर अजिबात नाही. मिस्त्रींनी क्रॉस बघितला, हाउसिंग उघडलं, इंजिनचे माउंटिंग बदलले. एकदा माल भरल्यावर दादाशेजारी बसून घोटीपर्यंत आले, मान तिरकी करून ऐकत राहिले. घोटीला उतरले, चहा प्यायले, म्हणाले, "मागून येतोय." आणि येणाऱ्या एसटीत बसून परत गेले.

परवा मी सीटखाली माइक चिकटवला. हे ऐका.

(आवाज : चढावरचं इंजिन. गिअर पडतो. टक. बराच वेळ काही नाही. टक, टक. दादाचा आवाज : "आला बघ.")