द्वितीयेची सुकती

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला घेऊन मला खडपात उतरायचंय. वाळूच्या किनाऱ्यावर नाही, खडपात. ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सुकतीला, पाणी मागे सरतं आणि काळा कातळ उघडा पडतो ना, तिथे.

निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, बाराला, सुकती. गावागणिक पाऊण-एक तास मागेपुढे होतं, तेवढं तिथल्या माणसाला विचारून घ्या. पण अष्टमीला खडपात जाऊन फारसं काही दिसणार नाही. तेव्हा भांग असतो, पाणी थोडंच चढतं आणि थोडंच उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. त्यातही पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया मला सर्वांत आवडते. उजेड आणि उतरलेलं पाणी दोन्ही सकाळी एकाच वेळी मिळतात. लक्षात ठेवा, द्वितीया. चैत्र-वैशाखातली असेल तर फारच छान, कारण त्या दिवसांत सकाळचं पाणी संध्याकाळपेक्षा जास्त खाली जातं.

पायात घट्ट बसणारे बूट हवेत. चप्पल नको. कालवांच्या, म्हणजे कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा पात्यासारख्या कापतात आणि हिरवं शेवाळ माणसाला उभं राहू देत नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला, तर तो जिवंत असताना हातात घेऊ नका, त्याला विषारी काटा असतो. रिकामा शंख दिसला तरी तिथेच असू द्या. साधू खेकड्याला राहायला तोच लागतो. आपल्या शोकेसमध्ये त्याचं काही काम नाही, हे मी घरोघरी सांगत असतो.

आणि वेळ. सुकतीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. फिरल्यावर पहिला तासभर पाणी हळू चढतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सर्वांत वेगाने येतं. शिवाय ते समोरूनच येईल असं नाही. मागच्या घळीत आधी भरतं आणि आपण उभे असतो तो कातळ बेट होऊन जातो. म्हणून पुन्हा सांगतो, पाणी फिरलं की निघा.

आता ज्यासाठी मी आज बोलायला बसलोय ते सांगतो.

मी अकरा वर्षांचा होतो. मालवणच्या उत्तरेला आमचं गाव. शेजारच्या काकी कालवं काढायला जायच्या. परीक्षा संपली होती, म्हणून त्यांच्या मागे लागलो. चैत्र वद्य द्वितीया होती. सकाळी पावणेसातला आम्ही खडपाच्या अगदी टोकाला पोचलो. वर्षातून मोजक्याच दिवशी उघडी पडणारी ती जागा. काकी कातळावर बसून कालवं फोडायला लागल्या. मी एका गुडघाभर पाण्याच्या डबक्यात उतरलो आणि तिथला एक चपटा धोंडा एका बाजूने वर उचलला.

धोंड्याच्या खालच्या अंगाला तांदळाच्या लोंब्यांसारखे पांढरे घोस लटकत होते. आणि त्यांना मिठी मारून एक ऑक्टोपस बसला होता. मोठा नव्हता, माझ्या दोन ओंजळींत मावला असता. मादी होती ती, पळून गेली नाही. तिचा रंग तांबूस होता, तो बघता बघता पांढरा झाला, पण ती हलली नाही.

मी ओरडलो. काकी आल्या, वाकून बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "झिला, धोंडो होतो तसोच ठेव. घर आसा तां तेचां."

मी ठेवला. त्यांना पटलं नाही. खाली बसून त्यांनी स्वतः तो इंचभर सरकवला, आधी होता तसा, पाणी जायची फट त्याच बाजूला ठेवून.

मला दुसऱ्याच दिवशी परत जायचं होतं. काकी म्हणाल्या, आता पंधरा दिवस थांबायचं. तिथी येईल तेव्हाच वाट उघडेल. ते पंधरा दिवस किती लांब होते! वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आम्ही गेलो. या वेळी धोंड्याला हात लावायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. फटीतून बॅटरी मारली. ती तिथेच होती, नुसती वाळली होती. अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत होती. आणि प्रत्येक पांढऱ्या दाण्यात दोन काळे ठिपके होते. डोळे.

ऑक्टोपसची मादी अंडी राखताना काही खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते, हे मी पुष्कळ वर्षांनी कॉलेजात वाचलं. काकींना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. अशा बायकांकडे खडपातल्या जिवांची जी नावं आहेत, ती कुणी लिहून ठेवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याच वेळी ही नावं उतरवून घ्यायला हवी होती. आणि शाळांच्या सहली वॉटरपार्कात का जातात? एक सुकती बघून मुलाला जेवढं कळेल तेवढं वर्गात वर्षभरातही कळणार नाही.

असो. वैशाख वद्य द्वितीयेला आम्ही तिसऱ्यांदा गेलो. दाणे तिथेच लटकत होते, पण रिकामे, उकडलेल्या साबुदाण्याच्या सालीसारखे. ती नव्हती. तिच्या जागेवर एक छोटा खेकडा येऊन बसला होता.

मी काहीच बोललो नाही. काकी माझ्या शेजारी पाण्यात वाकल्या, फटीतून आत बघितलं.

"पोरां गेली सगळी," त्या म्हणाल्या. मग मागच्या घळीकडे नजर टाकून त्यांनी टोपली उचलली. "पाणी फिरलां. चल."